वर्ग विद्यार्थ्यांच्या हाती

इतिहास-साहित्याचा वर्ग विद्यार्थ्यांच्या स्वाधीन केल्यास अध्यापकाचा अधिकार लोपतो, हा मागील अंकातील पत्रलेखकांचा निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. नेदरलँड्समध्ये युट्रेख्टजवळच, बिल्थोव्हन गावी, शिक्षणतज्ज्ञ केस बूके यांनी १९२६ साली स्थापिलेल्या शाळेत व्यवहाराचे नियम बहुमताच्या जोरावर नव्हे, तर मुले व शिक्षक यांच्या एकत्र सभेत सर्वसंमतीने ठरत. नेदरलँड्सच्या राणी युलियाना यांनी आपल्या कन्याही त्याच शाळेत धाडल्या होत्या. युट्रेख्टच्या जुन्या लष्करी छावणीच्या आवारात १९९८ पासून चालणाऱ्या युनिव्हर्सिटी कॉलेजातही लहान वर्ग आणि विद्यार्थ्यांची चर्चा हाच अध्यापनाचा कणा आहे.

आपल्या इतिहासाच्या वर्गातही हे शक्य आहे: पेशवे दफ्तरातील एखादे पत्र घेऊन विद्यार्थी वर्गापुढे उभा राहतो, लिहिणाऱ्याचा हेतू, पक्षपात आणि त्याने मुद्दाम गाळलेला मजकूर यांविषयी सहाध्यायांच्या प्रश्नांना उत्तरे देतो, तेव्हा मार्गदर्शन करणाऱ्या अध्यापकाला ते पत्र विद्यार्थ्याहून बारकाईने वाचून यावे लागते. मग अधिकार लोपला कोठे? एक आक्षेप मात्र रास्त आहे: खच्चून भरलेल्या वर्गात आणि रिकाम्या ग्रंथालयात ही पद्धत तग धरणार नाही. म्हणूनच पत्रलेखकांनी आपली लेखणी या पद्धतीविरुद्ध न झिजविता ग्रंथालयांच्या अनुदानासाठी झिजवावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, युट्रेख्ट