बालसंगोपनाची अ‍ॅप्स आणि वैद्यांचे कर्तव्य

पुणे-सातारा महामार्गालगतच्या आमच्या किकवी परिसरात बालसंगोपनाचा पहिला सल्ला देणारी व्यक्ती आता बदलली आहे. नोकरीनिमित्त शिरवळ अथवा पुण्यास राहणाऱ्या तरुण दांपत्याजवळ आजी नसते, मोबाइल असतो. यासंबंधी आपल्या वैद्यवर्गात दोन टोकांची मते आढळतात. काहींना या साधनांचे अवाजवी कौतुक वाटते, तर काही जण त्यांना सरसकट तुच्छ लेखतात. माझ्या मते या दोन्ही भूमिका बाळाच्या हिताच्या नाहीत. अ‍ॅपने नोंद ठेवावी, परीक्षा मात्र वैद्यानेच करावी, अशी स्पष्ट विभागणी आपण पालकांना समजावून दिली पाहिजे.

प्रथम उपयुक्त बाजू पाहू. २०२३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू होऊन पुढे देशभर विस्तारलेल्या 'यू-विन' या शासकीय व्यवस्थेत गर्भवती व बालकांच्या लसीकरणाची नोंद राहते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. पहिल्या लसी तेथे आणि पुढच्या सासरी, असा प्रकार नित्याचा आहे. मध्येच कार्ड हरवले की कोणती लस झाली याविषयी घरात वाद सुरू होतो. अशा वेळी ही नोंद मोलाची ठरते. २०२१ पासून अंगणवाडी सेविका 'पोषण ट्रॅकर'मध्ये बालकाचे वजन व उंची नोंदवितात, त्याविषयी पालकांनी त्यांना आवर्जून विचारावे. ज्यांच्याकडे साधाच फोन आहे त्यांच्यासाठी 'किलकारी' ही ध्वनिसंदेशांची सेवा आहे. ती देशात २०१६ मध्ये आणि महाराष्ट्रात २०२४ मध्ये सुरू झाली. गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्यास एक, असे ७२ संदेश तीत ऐकविले जातात. वेल्ह्याच्या डोंगरातील वस्तीवर अ‍ॅपपेक्षा असा फोनच अधिक उपयोगी पडेल.

स्तनपान, झोप, मलमूत्र यांच्या वेळा टिपणारी खासगी अ‍ॅप्सही पुष्कळ आहेत. अतिसाराच्या बाळास घेऊन आलेली आई आणि सासू यांची उत्तरे जुळत नाहीत, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. तेथे दिवसवार नोंद समोर असेल, तर इतिहास घेणे सुकर होते. ती नोंद पाहण्यात वैद्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

प्रश्न उद्भवतो तो अ‍ॅप निदान करू लागल्यावर. बाळाच्या रडण्याचा आवाज ऐकून भूक, झोप की पोटदुखी हे सांगण्याचा दावा करणारी अ‍ॅप्स आज उपलब्ध आहेत. बोलता न येणाऱ्या बालकाची वेदना कशी ओळखावी, या विषयाला काश्यपसंहितेने 'वेदनाध्याय' हा स्वतंत्र अध्याय दिला आहे. त्यात केवळ रडणे हे लक्षण मानलेले नाही. कर्णवेदनेत बालक हातांनी कानांना स्पर्श करते व मस्तक हलविते. उदरशूलात ते स्तन नाकारते, त्याचे पोट ताठर होते, मुखावर घाम येतो. हे सर्व डोळ्यांनी पाहावे लागते, हातांनी तपासावे लागते. केवळ आवाजावर विसंबणाऱ्या यंत्रास हे कळणार नाही.

याहून गंभीर बाब म्हणजे वयानुसार तयार घरगुती उपचार सुचविणारी माहिती. 'आयुर्वेदिक' या नावाखाली तान्ह्या बाळास मध चाटविण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मधातून क्वचित येणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूमुळे अर्भकास प्राणघातक विषबाधा होऊ शकते. म्हणून एक वर्षापूर्वी मध देऊ नये, असा आधुनिक बालरोगशास्त्राचा निर्देश आहे. तो आपण निःसंकोचपणे स्वीकारला पाहिजे. ग्रंथात मधाचा उल्लेख आहे, एवढ्यावरून त्याचे समर्थन करणे योग्य नव्हे. लेहन कोणाला देऊ नये याची यादी काश्यपांनीच दिली आहे. पात्रापात्रविचार हा शास्त्राचा गाभा आहे. आपल्या शास्त्राच्या नावाने चाललेल्या अशा सल्ल्यांविषयी आपणच मौन बाळगले, तर दोष शास्त्रालाच लागेल.

पालकांसाठी असलेला मोबाइल बाळाच्या हाती जाऊ नये, हेही सांगावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाखालील बालकास पडदा मुळीच दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक नसावा. चित्रफीत लावून घास भरविल्यास बालकाला स्वतःची भूक व तृप्ती ओळखण्याची सवय लागत नाही.

सर्व वैद्यबंधू-भगिनींना विनंती आहे की, बाळ तपासताना पालकांच्या मोबाइलमधील नोंदी अवश्य पाहाव्यात, वजन मात्र स्वतः करावे. दोन महिन्यांखालील बाळास ताप, कोणत्याही बाळाने दूध सोडणे, धाप, झटके अथवा गुंगी यांपैकी काहीही दिसल्यास अ‍ॅपमध्ये उत्तर शोधत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे, हे प्रत्येक मातेस पहिल्याच भेटीत सांगावे. शक्य तर कागदावर लिहूनही द्यावे.