गुंता होऊ नये म्हणून



मागच्या शनिवारी आमच्या शाळेच्या मैदानात पॅराशूटांचा पाऊस पडला. पाऊस कसला, गारपीटच म्हणा! चौथीच्या मुलांनी रुमालाच्या चार टोकांना चार दोरे बांधले, खाली चिंचोक्यांची पुरचुंडी लटकवली, सगळं गुंडाळलं आणि जोर लावून वर फेकलं. काही रुमाल ऐटीत फुलले. बाकीचे धप्प! एकाचा रुमाल तर सलग पाच वेळा मुटकुळं होऊन पडला. तो रडवेला होऊन म्हणाला, "बाई, माझा रुमालच वाईट आहे."

रुमाल चांगला होता. गुंडाळायची पद्धत चुकत होती. भोवऱ्याला जाळी गुंडाळतात ना, तसे तो रुमालाभोवती दोरे गुंडाळायचा. आता जाळी सुटली की भोवरा काय करतो? फिरतो! रुमालही तसाच फिरायचा आणि दोरे सुटून संपले तरी फिरतच राहायचा. मग चार दोऱ्यांची एकच वेणी व्हायची. वेणी झालेले दोरे रुमालाची टोकं एकमेकांपासून लांब जाऊच देत नाहीत. हवा शिरणार कुठून?

विमानातून उडी मारणाऱ्या माणसाच्या पाठीवर असतं ते पॅराशूट म्हणजे आपल्या रुमालाचा थोरला भाऊ. त्याला दोऱ्याही भरपूर. अमेरिकन सैन्याने कित्येक वर्षं वापरलेल्या टी-१० या गोल छत्रीला ३० दोऱ्या होत्या. एवढ्या दोऱ्या पाठीवरच्या पिशवीत कोंबायच्या आणि त्या काही सेकंदांत, एकमेकींच्या वाटेला न जाता, बाहेर यायला हव्यात. कशा येत असतील?

आधी छत्री जमिनीवर लांबच लांब पसरतात. दोऱ्या ताणून सरळ करतात आणि कुठे पीळ, कुठे गाठ आहे का ते पाहतात. आई विंचरताना केसातली गुंतवळ शोधते तसंच. मग कापडाची घडी घालून ती एका छोट्या पिशवीत भरतात. दोऱ्या मात्र गोल गुंडाळत नाहीत. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अशा नागमोडी घड्या घालतात आणि प्रत्येक वळण पिशवीवरच्या रबरबँडमध्ये अडकवतात. डावीकडच्या वळणाने पडणारा पीळ उजवीकडच्या वळणाने सुटतो. शिवाय प्रत्येक रबर आपल्या वाट्याची दोरी धरून ठेवतो आणि पाळी आली की सोडतो. आधी दोऱ्या ताठ होतात, शेवटी कापड पिशवीतून बाहेर येतं. कापड आधी फुललं आणि दोऱ्या मागून आल्या, तर माणसाला केवढा हिसका बसेल!

मला या सगळ्यात सर्वांत आवडला तो रबरबँड. क्षुल्लक वस्तू, पण तिची निवड किती नाजूक! रबर सैल असला तर एका झटक्यात सगळ्या दोऱ्या भसाभस बाहेर पडतात आणि वाटेल तिथे अडकतात. एक बाजू घट्ट आणि दुसरी सैल असली तर पिशवी कलंडते, गरगर फिरते आणि आपल्या चौथीतल्या रुमालासारखी वेणी पडते. म्हणून जाड दोऱ्यांना मोठे रबर, बारीक दोऱ्यांना लहान रबर. आणि गंमत म्हणजे, रबर फार मजबूत असूनही चालत नाही! दोरी अडकलीच तर रबर तुटला पाहिजे, पॅराशूट अडून राहता कामा नये. तुटण्यासाठी निवडलेली वस्तू तुम्ही आणखी कुठे पाहिली आहे का? (घरातला फ्यूज आठवा.)

आता दोऱ्यांचंच घ्या. डेक्रॉनच्या दोऱ्या जाड असतात, थोड्या ताणल्या जातात, त्यामुळे झटका कमी बसतो. स्पेक्ट्रा नावाच्या धाग्याच्या दोऱ्या बारीक आणि गुळगुळीत असतात. पण छत्री उघडताना त्यांच्यावरून एक चौकोनी कापड घसरत खाली येतं. ते छत्री हळूहळू उघडावी म्हणून लावलेलं असतं. त्याच्या कड्या घासून दोऱ्या तापतात आणि वापरता वापरता आखडतात. सगळ्या सारख्या आखडल्या तर एक वेळ चाललं असतं, पण कडेच्या जास्त आखडतात. मग छत्री वेडीवाकडी उडू लागते. म्हणून ठरावीक उड्यांनंतर दोऱ्या बदलाव्याच लागतात. दिशा बदलायच्या दोऱ्यांना प्रत्येक उडीत थोडा थोडा पीळ पडतो, तोही दर वेळी काढावा लागतो. कंटाळा केला तर ढिली दोरी शेजारणीला वेटोळं घालते आणि ऐन उघडताना गाठ बसते.

त्या टी-१० छत्रीला वेगळाच रोग होता. कधी कधी तिची खालची कड वाऱ्याने दोन दोऱ्यांच्या मधून आत शिरायची आणि एका छत्रीचे दोन फुगे व्हायचे. उपाय काय केला असेल? कडेभोवती जाळीची पट्टी शिवली! हवा जाते, कापड जाऊ शकत नाही.

एवढं करूनही गुंता झाला तर? म्हणून उडी मारणाऱ्याकडे दुसरी, राखीव छत्री असते. पण आधी पहिली सोडून द्यायची, मगच दुसरी उघडायची. हा क्रम किती महत्त्वाचा, ते एका दुःखद घटनेवरून कळतं. २४ एप्रिल १९६७ रोजी रशियाचे अंतराळवीर व्लादिमीर कोमारोव्ह 'सोयुझ-१' यानातून परत येत होते. लहान छत्री उघडली, पण मोठी पेटीतून बाहेरच येईना. राखीव छत्री सोडली, तर ती वर लटकणाऱ्या लहान छत्रीत गुंतली. यान जमिनीवर आदळलं आणि कोमारोव्ह गेले. त्यानंतर छत्रीची पेटी मोठी, भक्कम आणि आतून गुळगुळीत करण्यात आली.

आपल्या गगनयानासाठीही तयारी चालली आहे. त्याच्या कुपीला एकूण १० पॅराशूट आहेत. त्यांतली तीन मुख्य. खरं तर दोनच पुरतात! ही पॅराशूट बनवण्यात आग्र्याच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेचा हात आहे. आपल्या छत्रीधारी सैनिकांना उड्या मारायला शिकवणारी हवाई दलाची शाळाही आग्र्यालाच आहे. ताजमहालाखेरीज आग्र्यात एवढं काही असेल, हे मलाही पूर्वी माहीत नव्हतं.

तर मंडळी, आता रुमाल काढा. चिंचोके नसतील तर वाटाणे चालतील, दगड मात्र नको. आणि मोकळ्या मैदानातच फेका, गच्चीवरून नाही. दहा वेळा दोरे गरगर गुंडाळून फेका. मग दहा वेळा रुमालाची सैलसर घडी घालून तिच्यावर दोरे नागमोडी ठेवून फेका. दोन्ही वेळा किती रुमाल फुलले ते वहीत मांडा आणि मला कळवा. आमच्या चौथीतल्या त्या मुलाचा रुमाल सोमवारी लिंबाच्या झाडावर जाऊन बसला आहे. आम्ही अजून तो काढतोच आहोत.

तुमची,
बाई