साहेब जातात, वॉर्ड तिथंच असतो

२२ वर्षं झाली, सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. तेवढ्यात ११ अधीक्षक बघितले. निम्मे 'प्रभारी'. म्हणजे स्वतःचं काम सांभाळून वर ही खुर्ची. काही मागायला गेलं की उत्तर ठरलेलं, "कायमचे साहेब येऊ द्या, मग बघू."

नवीन साहेब आले की पहिला आठवडा राउंड, फोटो आणि नोटिसा. 'कायाकल्प'ची तपासणी लागली की भिंती रंगतात, कुंड्या येतात. तपासणी संपली की कुंड्यांना पाणी घालायला मावशी मिळत नाही.

पण एक मॅडम अजून आठवतात. फार मोठं काही केलं नाही त्यांनी. दर सोमवारी प्रत्येक वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरला विचारायच्या, "या आठवड्यात काय संपणार आहे?" वहीत लिहून घ्यायच्या आणि पुढच्या सोमवारी त्याच वहीतून उत्तर द्यायच्या. नाही जमलं तर "नाही जमलं" असंही तोंडावर सांगायच्या. दीड वर्षात त्यांची बदली झाली. वही मात्र अजून चालू आहे. आम्हालाच तिची सवय लागली. आमच्या लेखी हेच टिकाऊ नेतृत्व.

ऑक्टोबर २०२३ मधलं नांदेड आठवतंय? शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू, त्यात १२ नवजात बाळं. त्यानंतर खासदारांनी अधिष्ठात्यांना संडास साफ करायला लावला आणि व्हिडिओ गावभर फिरला. राग समजू शकते. पण डीनच्या हातात ब्रश दिल्याने सफाई कामगाराची रिकामी जागा भरत नाही, आणि औषधांची खरेदीही लवकर होत नाही. त्या दिवशी माझ्यासोबतच्या सगळ्या सिस्टर, ब्रदर गप्प होते. साहेबांची ही गत, तर उद्या आपली काय?

आमचं मागणं साधं आहे. २००५ च्या बदली कायद्यात तीन वर्षांचा कार्यकाळ लिहिलाय, तो पाळा. प्रभारी कारभार बंद करा. आणि चार्ज देताना कपाटाच्या किल्ल्यांबरोबर अडलेल्या कामांची यादीही लेखी द्या, म्हणजे नव्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

आता तुम्ही एक करा. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात अधीक्षक कायम आहेत की प्रभारी, आणि किती दिवसांपासून, एवढं विचारून या. इथं लिहा. लोक विचारायला लागले की वरचेही हलतात.