मोटारीच्या पट्ट्या आणि शनिवारचे दोन तास

शाळेची जुनी वॅगन-आर आपण सर्वांनी पाहिली आहे. प्रश्नपत्रिका आणायला, ताप आलेल्या मुलाला घरी सोडायला, स्नेहसंमेलनाचे सामान सियागंजातून आणायला तीच धावते. इंजिन ठणठणीत आहे, पण आतले प्लास्टिक उन्हाने पांढुरके पडले होते आणि दारांच्या हँडलभोवतीच्या चौकटींवर ओरखडेच ओरखडे होते. नव्या चौकटींचा भाव ऐकून आम्ही मुकाट्याने फोन ठेवला. मग नववीच्या आठ विद्यार्थ्यांनी, शिक्षकांच्या देखरेखीखाली, चार शनिवार खर्चून हे भाग काढले, रंगवले आणि पुन्हा बसवले.

यावर एका पालकांची चिठ्ठी आली. मुलाला शाळेत शिकायला पाठवतो, पेंटर व्हायला नाही, असा तिचा आशय. चिठ्ठी सभ्य होती, काळजीपोटी लिहिलेली होती. तिचे उत्तर येथेच देतो, कारण हा प्रश्न मनात असणारे ते एकटे नाहीत.

मुले काय शिकली? पहिल्या शनिवारी एक चौकट तुटली. स्क्रू कुठे लपला आहे ते न पाहता जोर लावला की असेच होते. आत खाचेत बसणाऱ्या क्लिपा असतात. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने उचकटले तर प्लास्टिकवर वण उठतो, म्हणून प्लास्टिकचीच चपटी पट्टी घालून क्लिपेच्या अगदी जवळून उचलायचे. तुटलेल्या चौकटीच्या मागे बारीक अक्षरांत 'पीपी' असे कोरलेले होते, म्हणजे पॉलिप्रोपिलीन. मधल्या पॅनेलवर 'एबीएस' होते. तुटलेला तुकडा बादलीत टाकला तर तो तरंगला. एबीएसचा तुकडा बुडाला. घनतेचा धडा एरवी दोन तासिका घेतो, येथे दोन मिनिटांत झाला. (आमची बी.एस्सी. हिंदी माध्यमातली. 'घनत्व' पाठ होते, त्याला मराठीत घनता म्हणतात हे आम्हाला याच शाळेत येऊन कळले.)

फरक केवळ नावाचा नाही. एबीएसवर रंग धरतो, पीपीवर धरत नाही. त्याला आधी प्लास्टिकसाठीचा खास प्रायमर लागतो. दुकानदाराने हे सांगितले होते, मुलांना ते पैसे काढण्याचे निमित्त वाटले. रंग वाळल्यावर चिकटपट्टी लावून ओढली तर सगळा थर तिच्याबरोबर निघून आला. एका भागावर तर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले, कारण वर्षानुवर्षे चोळलेल्या डॅशबोर्ड पॉलिशमधले सिलिकॉन साबणाने निघाले नव्हते. मग पुन्हा धुणे, अल्कोहोलने पुसणे, बारीक पाणकागदाने घासणे, प्रायमर, आणि रंगाचे तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर दहा-पंधरा मिनिटे थांबून. थांबणे सर्वांत अवघड गेले.

तिसऱ्या शनिवारची चूक मात्र आमची. सोमवारी विश्वस्त मंडळाची बैठक होती, काम दाखवायची हौस आम्हाला होती. पावसाची रिपरिप चालू असताना "मारून टाका" असे आम्ही सांगितले. रंगातला द्रव उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंग दुधाळ होतो. तसेच झाले. एका मुलाने आधी हटकले होते. गणितात तो मागे आहे, आणि आम्ही त्याचे ऐकले नाही.

पालकांची खरी काळजी रंगाच्या वासाची असेल तर ती रास्त आहे. फवारणी उघड्या अंगणात झाली, जवळपास शेगडी नव्हती, आणि साध्या रुमालाऐवजी वाफ गाळणारे मास्क वापरले. आमच्या गाडीत एअरबॅग नाही. जुलै 2019 पासून नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. अशा गाडीत तिच्या झाकणाला हात लावू नये, ते रंगवू तर मुळीच नये. मुलांनी घरी प्रयोग करण्याआधी पालकांनी हे लक्षात घ्यावे.

पण 'पेंटर' हा शब्द आम्हाला खटकला. होळकरांच्या बरोबर आपली कितीतरी घराणी येथे आली आणि दौत-लेखणीवर स्थिरावली. त्या लेखणीचा अभिमान आम्हालाही आहे. तिच्याबरोबर हाताने काम करणाऱ्याकडे थोडे वरून पाहण्याची सवयही आली. दसऱ्याला गाडीला हार घालतो, आणि तीच गाडी दुरुस्त करणाऱ्याला घरात पाणी विचारत नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 ने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सुचवले आहे, हे चांगलेच. पण दहा दिवसांत हौस होते, हात बसत नाही.

आणखी एक कबुली. आठांत मुली दोनच होत्या. नावे मागताना आम्ही नकळत मुलांच्या बाकांकडे पाहिले. स्प्रेचा हात मात्र त्या दोघींपैकी एकीचाच सर्वांत सारखा पडला.

विश्वस्तांना विनंती आहे की प्रयोगशाळेमागची खोली, जिच्यात मोडकी बाके पडून आहेत, ती या कामाला द्यावी. आठवी व नववीला शनिवारचे दोन तास, परीक्षा नाही, गुण नाहीत. खर्च मास्क, हत्यारे आणि पाणकागद एवढाच. रंगवायला जुनी वस्तू प्रत्येक घरात सापडेल. बाके दुरुस्त करण्यापासूनच सुरुवात करता येईल.

चालकामागच्या दारावरची दुधाळ चौकट आम्ही मुद्दाम तशीच ठेवली आहे. पुढच्या पालकसभेला गाडी अंगणात उभी असेल, दार उघडून पाहावे.