पोकळीचें मोल

‘बडा घर, पोकळ वासा’ ही म्हण आपण नांवें ठेवण्यासाठीं वापरतों. परंतु ज्यांचें सारें मोल पोकळींतच आहे असे कांहीं पदार्थ रसायनशास्त्रज्ञांनीं निर्माण केले आहेत. त्यांविषयीं आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींपुढें चार शब्द मांडावे, असें आम्हांस वाटतें.

२००५ सालीं अमेरिकेंत ओमर यागी व त्यांचे सहकारी यांनीं हे पदार्थ प्रथम प्रसिद्ध केले. ह्यांस सहसंयुज सेंद्रिय सांगाडे म्हणतां येईल. कार्बन, हायड्रोजन, बोरॉन, ऑक्सिजन, नायट्रोजन अशा हलक्या मूलद्रव्यांचे रेणू बळकट बंधांनीं जोडून मधमाशांच्या पोळ्यासारखीं नियमित घरें पाडावयाचीं, हें त्यांचें मर्म. पहिल्या दोहोंपैकीं एकाच्या अवघ्या एका ग्रॅमांत सुमारें १५९० चौरस मीटर पृष्ठभाग सामावलेला आढळला! म्हणूनच वायु सांठविणें, पाणी शुद्ध करणें, रासायनिक क्रियेस वेग देणें, अशीं कामें ह्यांजकडून करून घेण्याचे प्रयत्न चालूं आहेत. २०२४ सालीं तर उघड्या हवेंतील कार्बन डायऑक्साइड शोषणारा असा एक पदार्थ प्रसिद्ध झाला.

आरंभीं हे पदार्थ बंद नळींत द्रावकासह १२० अंश सेंटिग्रेडवर तीन दिवस तापवून करीत. ही क्रिया उलटसुलट होणारी असते. त्यामुळें चुकीचा जुळलेला दुवा सुटतो, पुन्हां नीट बसतो, आणि अखेर सुबक रचना उभी राहते. परंतु ज्या गुणानें चूक सुधारते, त्याच गुणामुळें ते बोरॉनयुक्त पदार्थ पाणी लागतांच विस्कटत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत राहुल बॅनर्जी व त्यांचे सहकारी यांनीं ह्यावर तोड काढली: प्रथम उलटसुलट क्रियेनें रचना साधावी, मग रेणूच्या अंतर्गत फेरबदलानें तिला जणूं कुलूप घालावें. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेले हे पदार्थ तीव्र आम्लांतही टिकले. आणि २०१३ सालीं त्यांनीं द्रावक व उष्णता यांवांचून, केवळ खलांत घोटून, तसेच पदार्थ केले.

ही विद्या श्रीमंत देशांचीच, आपण ती पुस्तकांत वाचावी, असें कित्येकांचें मत आहे. तें आम्हांस मान्य नाहीं. खलांतले पदार्थ नळींतल्यांइतके सच्छिद्र नव्हते, हें खरें. ज्ञानावांचून नुसतें घोटून कांहीं निष्पन्न होत नाहीं, हेंही खरें. तथापि उपकरणें थोडीं म्हणून प्रयोग टाळावे आणि समीकरणें मात्र पाठ करावीं, ह्या संवयीस आतां कोणती सबब उरली? प्रयोग फसला कीं गुण कापले जातात, म्हणून विद्यार्थी वहींत पुस्तकांतलेंच उत्तर उतरतो. हा शास्त्राचा अभ्यास नव्हे. चुकलेला दुवा सोडून पुन्हां जोडण्याची जी सवलत निर्जीव रेणूंस मिळते, ती आमच्या विद्यार्थ्यांस कां नसावी? आधीं चुकूं द्यावें, मग ज्ञान पक्कें करावें. एवढेंच आमचें मागणें आहे.