खर्ज हवा, पण कान राखून

उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐकताना रसिकाचे मन बहुधा मंद्र सप्तकातच स्थिरावते. १९७४ साली खाँसाहेब गेले. पण त्यांची धीरगंभीर, खर्जप्रधान गायकी इंदूर घराणे म्हणून आपल्या शहराचे नाव आजही मिरवीत आहे. हे गाणे आता आपण बव्हंशी कानात बसवलेल्या इवल्याशा इयरफोनमधून ऐकतो. साहजिकच ‘खर्ज पोकळ वाटतो, भारी इयरफोन घ्यावेत काय?’ असा प्रश्न तरुणांबरोबर ज्येष्ठ रसिकही विचारू लागले आहेत. माझे मत असे, की पैसे मोजण्यापूर्वी आधी आपला कान तपासावा.

खर्जाच्या लहरींना बंदिस्त जागा लागते. इयरफोनची रबरी टोपी कर्णनलिकेत नीट बसली नाही, तर त्या फटीतून नेमका खर्जच निसटतो. वरचे स्वर मात्र शाबूत राहतात. म्हणूनच डब्यात लहान-मोठ्या टोप्या दिलेल्या असतात. दोन्ही कानांचे माप एकच असेल, असेही नाही. टोपी बदलताच खर्ज परत आला, तर खरेदीचे कारणच उरत नाही. जाळीत मळ अडकला असल्यास तोही काढावा.

दुसरी गोष्ट ध्वनिमुद्रणाची. पुरुष गायकाचा षड्ज साधारण १३० ते १४० हर्ट्झ धरला, तर मंद्र षड्ज ६५ ते ७० हर्ट्झवर येतो. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत इतका खोल ध्वनी फारच क्षीण उतरत असे. वरच्या स्वरांशांवरून आपला मेंदू तो स्वर ओळखतो, पण त्याचे वजन जाणवत नाही. जे मुद्रणातच नाही, ते महागडा इयरफोन कोठून आणणार?

तिसरी आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे आवाजाची पातळी. आवाज लहान केला की मानवी कानाला खर्ज अधिकच क्षीण भासतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच दाखवून दिले. त्यात पलासिया चौराह्यासारख्या ठिकाणी वाहनांची घरघर स्वतःच खर्जातली असल्याने ती गाण्यातला खर्ज झाकून टाकते. मग आपण नकळत आवाज वाढवतो, आणि येथेच खरा धोका आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत चालतो. ९० डेसिबलला ही मर्यादा अवघी ४ तास होते. अतिध्वनीने अंतर्कर्णातील केशपेशी मरतात आणि मनुष्यात त्या पुन्हा उगवत नाहीत. गंमत अशी, की खर्जाच्या हव्यासात वाढवलेला आवाज प्रथम खर्ज नेत नाही. आलेखावर पहिला खड्डा बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास पडतो. त्यामुळे ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने धूसर होतात. घरच्या माणसांचे बोलणे ऐकू येते, पण शब्द उमगत नाहीत.

म्हणजे नवे इयरफोन घेऊच नयेत काय? अवश्य घ्यावेत, पण कसोटी एकच ठेवावी: त्यांच्यामुळे आवाज कमी ठेवता येतो काय? कानात घट्ट बसणारा किंवा बाहेरची घरघर शमवणारा इयरफोन लहान आवाजातही खर्ज पोहोचवीत असेल, तर तो खर्च सार्थकी लागला. मात्र रस्त्याने चालताना तो कानात नको; तेथे भोंगा ऐकू येणे खर्जाहून मोलाचे. दुकानात निवड करताना धमाकेदार नमुना न ऐकता आपल्या परिचयाची एखादी विलंबित चीज लावावी, तीही कमी आवाजात.

आम्हां वैद्यकीय व्यावसायिकांनीही कान तपासताना ‘इयरफोन किती वेळ, किती मोठ्याने?’ हा प्रश्न नित्याचा करावा. इयरफोन दर दोन वर्षांनी बदलता येतात, पण जन्मतः मिळालेला कानांचा जोड मात्र आयुष्यभर पुरवायचा असतो.