हवेतले इंधन आणि पडद्यावरचे आकाश

अनुकृती मुळाच्या किती जवळ गेली म्हणजे ती चांगली, हा वाद साहित्यव्यवहारात जुनाच आहे. वास्तववादी कादंबरीच्या संदर्भात तो पुष्कळ झाला, नाटकाच्या नेपथ्याविषयी झाला, चित्रपटाविषयी तर अजूनही होतो. आम्हांला तो अलीकडे एका अगदीच वेगळ्या ठिकाणी भेटला: संगणकावरच्या उड्डाणाच्या खेळांत. हे खेळणारी मंडळी त्यांना खेळ म्हणत नाहीत, सिम्युलेटर म्हणतात. त्यांच्यात एक कसोटी सर्वमान्य आहे. ज्याला उडत्या टँकर विमानाच्या मागे जाऊन हवेतल्या हवेत इंधन भरता येते तो पक्का वैमानिक, बाकीचे उमेदवार.

या कसोटीभोवती दोन मते ऐकू येतात. पहिले बाहेरच्यांचे. हा शेवटी खेळच. प्रत्यक्षात ते काम किती कठीण असेल आणि इथे किती सोपे! दुसरे आतल्यांचे. विमानाचे वजन, वेग, इंजिनाचा जोर हे सारे आकडे खरे घेतलेले आहेत, तेव्हा ज्याला इथे जमले त्याला तिथेही जमायला हरकत नाही. आम्हांला दोन्ही मते चुकीची वाटतात, आणि ती का चुकतात हे पाहताना अनुकृतीविषयी काही शिकण्यासारखे हाती लागते, म्हणून हा प्रपंच.

आधी मूळ गोष्ट. जुलै २०२० मध्ये पहिली पाच राफेल विमाने फ्रान्सहून अंबाल्याला आली, तेव्हा वाटेत सुमारे तीस हजार फुटांवर फ्रेंच टँकरकडून इंधन घेतानाची त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली होती. टँकरने मागे सोडलेली लांब नळी, तिच्या टोकाला बॅडमिंटनच्या फुलासारखी टोपली, आणि राफेलच्या नाकापुढे आलेली एक बारीक सोंड त्या टोपलीत शिरलेली. सोंडेला प्रोब म्हणतात, टोपलीला ड्रोग. आपल्या हवाई दलाची इल्युशिन-७८ ही टँकर विमानेही याच पद्धतीने इंधन देतात. त्यांची तुकडी २००३ मध्ये आग्र्याला उभी राहिली. पुण्याच्या लोहगाव तळावरून उडणाऱ्या सुखोई-३० विमानांनाही अशीच सोंड असते, आणि नको तेव्हा ती नाकाच्या बाजूला आत घेता येते.

दुसरी पद्धत मुख्यतः अमेरिकी हवाई दलाची. तिथे नळीच्या जागी टँकरच्या शेपटाखालून निघणारा एक ताठ, दुर्बिणीसारखा लांबणारा दांडा असतो. त्याला बूम म्हणतात. इंधन घेणाऱ्याने टँकरच्या मागे, किंचित खाली, ठरलेल्या जागी स्थिर राहायचे. दांडा त्याच्या विमानाच्या तोंडात घालण्याचे काम टँकरमधला माणूस करतो. १९५७ पासून सेवेत असलेल्या केसी-१३५ या टँकरमध्ये हा माणूस विमानाच्या शेपटाकडे पालथा पडून, खिडकीतून खाली पाहत हे काम करतो. टँकरच्या पोटाखाली दिव्यांच्या दोन रांगा असतात. पुढे या, मागे जा, वर या, खाली जा, एवढे त्या सांगतात.

या साऱ्याची सुरुवात अगदी साधी होती. २७ जून १९२३ रोजी कॅलिफोर्नियात सॅन दिएगो शहरावर एका दुपंखी विमानातून दुसऱ्यात नळीने पेट्रोल सोडले गेले. खालच्या विमानातल्या माणसाने ती लोंबती नळी हाताने पकडली होती. पुढे नळ्या बदलल्या, वेग कितीतरी पटींनी वाढले. पण दोन विमानांतल्या दोन माणसांनी एकमेकांना सांभाळत ही देवघेव करायची, हे मात्र तसेच राहिले.

आता पडद्यावरची गोष्ट. आमच्यापैकी दोघांनी एका पावसाळ्यात संध्याकाळचा वेळ या उद्योगात घालवला. पहिले दोन आठवडे टोपली एकदाही साधली नाही. टोपली उजवीकडे दिसली की हात उजवीकडे जाई, विमान प्रमाणाबाहेर उजवीकडे जाई, मग डावीकडे, आणि तिसऱ्या झोक्याला आम्ही टँकरच्या पंखाजवळ पोचलेले असू. शेवटी जे सूत्र उपयोगी पडले ते खऱ्या वैमानिकांनाही शिकवले जाते: टोपलीकडे पाहू नका, टँकरकडे पाहा. टोपलीचा पाठलाग करणारा चुकतो. टँकरशी आपली जागा पक्की धरून तीन ते पाच नॉटच्या फरकाने, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, पुढे सरकणारा तिच्यात बरोबर जाऊन बसतो. दोन्ही विमाने शेकडो किलोमीटर वेगाने धावत असतात, पण खरे काम चालीच्या वेगाने होते.

यात बाहेरच्यांचे मत खोटे पडते. पडद्यावर हे काम सोपे नाही. काही बाबतींत ते प्रत्यक्षाहून अधिक कठीण आहे, असे दोन्ही अनुभव घेतलेले वैमानिकही सांगतात. कारण उघड आहे. खऱ्या विमानात माणसाला डोळ्यांच्या कडांनीही दिसते, मान किंचित हलवली की अंतर कळते, इंजिनाचा जोर कमीजास्त झाला की आसनातून पाठीला समजते. संगणकापुढे बसणाऱ्याकडे एक चौकोनी खिडकी आणि टेबलावरची आखूड, स्प्रिंगची दांडी एवढेच असते. शरीराला जे आपोआप कळायचे ते इथे डोळ्यांनी आणि तर्काने भरून काढावे लागते. डोळ्यांवर चढवायच्या आभासी चष्म्याने अंतराचा प्रश्न बराच सुटतो, आसनाचा सुटत नाही. अनुकृती मुळापेक्षा कठीण असू शकते, हे साहित्याच्या वाचकाला नवल वाटण्याचे कारण नाही. मुक्याने गोष्ट सांगणे बोलणाऱ्यापेक्षा कठीणच असते.

पण म्हणून आतल्यांचे मत खरे ठरत नाही. पडद्यावरची टोपली बहुधा सुशील असते. खरी टोपली तशी नसते. मोठे विमान जवळ येते तेव्हा त्याच्या नाकापुढच्या हवेचा फुगारा टोपलीला ऐनवेळी बाजूला ढकलतो. फार हळू गेले तर सोंड टोपलीत अडकत नाही. फार वेगाने गेले तर ढिली पडलेली नळी चाबकासारखी उसळते आणि तिची लाट परत येऊन सोंडेचे टोक मोडू शकते. केसी-१३५ च्या दांड्याला आखूड नळी आणि धातूची जड टोपली जोडून प्रोबवाल्या विमानांना इंधन देण्याची एक सोय आहे. वैमानिकांनी तिला ‘आयर्न मेडन’, म्हणजे एका यातनायंत्राचे, नाव दिले आहे. त्या नावातच त्यांचा अनुभव आला. शिवाय इंधन येऊ लागले की घेणाऱ्याचे विमान जड होत जाते आणि जोर सतत वाढवावा लागतो; टँकर वळण घेतो तेव्हा वळणातही जागा सोडायची नसते. रात्र, ढग आणि सहा तासांचा थकवा हे त्यावर आणखी.

यातले बरेचसे चांगल्या सिम्युलेटरांत आले आहे, उरलेले उद्या येईल. आमचा मुद्दा त्याहून वेगळा आहे. जे कधीच येत नाही ते टँकरमधला माणूस.

३० एप्रिल १९८२ च्या रात्री ब्रिटिश हवाई दलाने अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावरून फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्लीच्या धावपट्टीवर हल्ला करायला व्हल्कन बॉम्बर पाठवले. एका बाजूचे अंतर सहा हजार किलोमीटरहून अधिक. व्हल्कनच्या ताफ्याने हवेत इंधन घेण्याचा सराव कित्येक वर्षांपूर्वी सोडून दिला होता. प्रोब कमी पडले, ते प्रदर्शनात ठेवलेल्या जुन्या विमानांवरून काढून आणावे लागले. वैमानिकांना शिकायला जेमतेम दोन आठवडे मिळाले. एका व्हल्कनला लक्ष्यापर्यंत न्यायला अकरा व्हिक्टर टँकर लागले, कारण टँकरनाही टँकर लागत होते.

दक्षिणेकडच्या शेवटच्या टप्प्यात दोन व्हिक्टर उरले होते. वादळी हवेत एक दुसऱ्याकडून इंधन घेत असताना घेणाऱ्याचा प्रोब मोडला. तेव्हा देणारा आणि घेणारा यांनी भूमिका बदलल्या. बॉब टक्सफर्ड यांच्या व्हिक्टरने ते इंधन परत घेतले आणि पुढे व्हल्कनला दिले, तेही स्वतःला असेन्शनपर्यंत परत जायला पुरेसे उरत नाही हे ठाऊक असताना. मोहीम उघडी पडू नये म्हणून हल्ला झाल्याची खूण मिळेपर्यंत त्यांनी मदतीसाठी रेडिओही उघडला नाही. पुढे दुसरा टँकर त्यांच्या भेटीला पाठवला गेला आणि ते वाचले. व्हल्कनच्या एकवीस बॉम्बांपैकी एकच धावपट्टीवर पडला. त्या हल्ल्याचा लष्करी उपयोग किती झाला यावर वाद आहे, आणि त्या युद्धाची बाजू घेण्याचे आम्हांला कारणही नाही. आम्हांला इथे दिसतो तो समुद्रावरच्या अंधारात घेतलेला एक निर्णय: माझे परतीचे इंधन मी तुला देतो.

पडद्यावरचा टँकर हे करू शकत नाही. त्याचे इंधन ठरावीक मर्यादेखाली गेले की तो निमूट माघारी वळतो. तो थकत नाही, घाबरत नाही, चुकत नाही, आणि म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. बूमच्या टोकाशी खरा माणूस असतो तेव्हा दोघांचेही आयुष्य एकमेकांच्या हातात असते. धोका वाटला की दोघांपैकी कोणीही ‘ब्रेकअवे’ हा शब्द तीनदा उच्चारायचा. त्यावर मागच्याने जोर काढून खाली जायचे, टँकरने वर. हा शब्द वेळेवर निघाला नाही तर काय होते, याची साक्ष स्पेनमधल्या पालोमारेस गावाजवळ आहे. १७ जानेवारी १९६६ रोजी तिथल्या आकाशात इंधन घ्यायला आलेले बी-५२ बॉम्बर आणि केसी-१३५ टँकर यांची टक्कर झाली. टँकरमधले चौघेही आणि बॉम्बरमधल्या सातांपैकी तिघे मेले. बॉम्बरवर चार हायड्रोजन बॉम्ब होते. दोहोंतली साधी स्फोटके फुटून प्लुटोनियम जमिनीवर विखुरले, आणि समुद्रात पडलेला एक बॉम्ब सापडायला सुमारे अडीच महिने लागले. संगणकावर अशी टक्कर आमच्या हातून पन्नासदा तरी झाली असेल. प्रत्येक वेळी आम्ही एक कळ दाबली आणि चहाचा घोट घेतला.

याचा अर्थ सिम्युलेटर निरुपयोगी असा कोणी घेऊ नये. अमेरिकेत एडविन लिंक यांनी वडिलांच्या ऑर्गन बनवण्याच्या कारखान्यातल्या भात्यांचे तंत्र वापरून १९२९ मध्ये उड्डाण शिकवणारी एक पेटी बनवली. १९३४ मध्ये लष्कराने टपाल वाहायचे काम अंगावर घेतले आणि खराब हवेत त्याचे अनेक वैमानिक मरण पावले, तेव्हा त्या पेटीला गिऱ्हाईक मिळाले. तिने आणि तिच्या वारसांनी किती जीव वाचवले याची मोजदाद नाही. ही पेटी आपण आकाश आहोत असे कधी म्हणाली नाही, हे तिचे मोठेपण.

उलट आज प्रत्यक्षच पडद्याच्या मागे जात आहे. जानेवारी २०१९ पासून अमेरिकी हवाई दलाला मिळू लागलेल्या केसी-४६ टँकरमध्ये बूम चालवणारा शेपटाकडच्या खिडकीशी पालथा पडत नाही. तो पुढे खुर्चीत बसतो आणि खास चष्मा लावून कॅमेऱ्यांनी दाखवलेले चित्र पाहतो. ऊन-सावलीच्या काही स्थितींत त्या चित्रातले अंतर फसवे निघाले. दांडा दुसऱ्या विमानाच्या अंगाला घासला तरी कळू नये, अशी भीती निर्माण झाली. सुधारित प्रणालीची तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलावी लागली. घरी टेबलापाशी आम्हांला जी अडचण आली, तीच तीस हजार फुटांवर खऱ्या माणसापुढे उभी राहिली. काचेची खिडकी काढून पडदा लावताना नेमके काय गळाले हे आधी विचारले गेले असते, तर हा वनवास कदाचित टळला असता.

आमच्या मते कोणत्याही अनुकृतीला विचारायचा प्रश्न हाच आहे. ती मुळाशी किती जुळते हे नंतर पाहू. तिने काय गाळले, आणि गाळले हे ती सांगते का, हे आधी पाहावे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाच्या आरंभी एका लढाऊ विमानाची चित्रफीत जगभर खरी म्हणून फिरली. ती सिम्युलेटरमध्ये बनवलेली होती, आणि बनवणाऱ्याने तसे लिहिलेही होते. अनुकृतीने आपली मर्यादा सांगितली होती, पाहणाऱ्यांना ती ऐकायची नव्हती. युद्ध पडद्यावर पाहायची सवय झालेल्या समाजाला कळ दाबून पुन्हा सुरुवात करता येते असे वाटू लागले, तर दोष सिम्युलेटरचा नाही. तो वाचनाचा दोष आहे, आणि वाचन ही आमच्यासारख्यांची जबाबदारी आहे.

आमच्यापैकी दोघे अजून अधूनमधून त्या टँकरच्या मागे जातात. आता टोपली बहुतेक वेळा साधते. इंधन भरून झाले की पलीकडून एक छापील आवाज ‘झाले’ म्हणतो. त्याला धन्यवाद द्यावेत असे अजून एकदाही वाटलेले नाही, आणि खऱ्या टँकरमधले काय इथे आलेले नाही हे आम्हांला दर वेळी तिथेच आठवते.